शुक्रवारची बाटली

दम्माम, २४ एप्रिल १९९४

इंदाय फेमी,

दोन महिने झाले, तुझी ओळ नाही. तू लिहीत नाहीस म्हटल्यावर आपल्या घरची बातमी मला बेनिंगच्या बायकोकडून कळते. बेनिंग आठवतो ना, बर्फाच्या कारखान्यातला? तो आता इथे माझ्याच खोलीत असतो. त्याच्या बायकोने सहा पानं लिहिली आहेत आणि त्यातली चार आपल्यावरच खर्ची घातली आहेत.

ती म्हणते, सान रोकेचं सबस्टेशन एकदाचं वाढवायला घेतलंय. जुना ट्रान्सफॉर्मर जाऊन दुप्पट ताकदीचा नवा येणार, मग दुपारची लाईट जाणं बंद. वाचून बरं वाटलं. त्या तारेच्या कुंपणात मी सहा वर्षं काढली आहेत. भर दुपारी सगळं गाव माझ्या आईचा उद्धार करायचं, जसा काही मीच खटका ओढून बसलो होतो.

पण पुढे ती लिहिते की इलोइलोहून आलेल्या इंजिनिअरने जुन्या टाकीत तेल मोजलं तर दोन हात कमी निघालं. फेमी, हे तेल म्हणजे रॉकेल नव्हे, उडून जायला. टाकी बंद असते, आतलं यंत्र थंड राहावं म्हणून ते भरलेलं असतं. गळती नसेल तर माणूस म्हातारा होईल पण तेल तेवढंच राहील. तेव्हा ते कोणीतरी काढलंय. बुडाशी नमुना घ्यायचा एक बारका नळ आहे, तिथूनच काढलं असणार.

कुंपणाच्या किल्ल्या चार ऑपरेटरांकडे. तिघांना मी माझ्या हाताने शिकवलंय. चौथा तुझा नवरा. नऊ वर्षांपूर्वी इकडे सौदीत येताना माझ्या जागेवर आन्सेल्मोला घ्या म्हणून विजेच्या सोसायटीत मॅनेजरसमोर शब्द मी टाकला होता. त्याने शेण खाल्लं असेल तर तोंड माझं काळं होणार. आणि हो, तुमच्या छपरावर नवे पत्रे आलेत असंही त्या सहा पानांत आहे. कुठून आले?

थोरला भाऊ म्हणून बोलतो, राग मानू नकोस. पाणी कुठेतरी मुरतंय, एवढंच माझं म्हणणं.

तुझा मानोंग,
सांतो

ता. क. आपली नानाय अजून लोकांची अंगं चोळून देते का? तेल कुठलं वापरते?

*

सान रोके, १८ मे १९९४

मानोंग सांतो,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचून हसले, दुसऱ्यांदा चुलीत टाकणार होते. पत्रे माझ्या दोन डुकरांचे आहेत. ती कोणाच्या टाकीतून काढलेली नाहीत, मी त्यांना दोन वर्षं शिजवून खायला घातलंय. बेनिंगच्या बायकोला म्हणावं, आपलं ठेवते झाकून आणि दुसऱ्याचं बघते वाकून.

आता सबस्टेशनचं ऐक. नवा ट्रान्सफॉर्मर पडावातून आला. धक्क्यापासून कुंपणापर्यंत यायला त्याला अख्खा दिवस लागला, वाटेतल्या पुलाखाली माडाची खोडं लावावी लागली. अर्धं गाव मागून चालत होतं. पायाचा खड्डा खणला तेव्हा रीतीप्रमाणे पांढरा कोंबडा कापून त्याचं रक्त खड्ड्यात सोडलं. तरी आठवडाभर बायकांनी पोरं शाळेत पाठवली नाहीत, एवढ्या मोठ्या यंत्राला कोंबड्याचं रक्त पुरत नाही म्हणे. त्या इंजिनिअरला, दुमालाग त्याचं नाव, डोक्याला हात लावायची वेळ आली.

पण नवं यंत्र अजून थंडच बसलंय. दुमालाग म्हणतो, जुन्यातलं तेल कुठे गेलं त्याचा कागद झाल्याशिवाय वरचं ऑफिस जुन्याला हात लावू देत नाही, आणि जुन्याच्या तारा सुटल्याशिवाय नव्याला जोडता येत नाहीत. तोवर कमी तेलावर ते जुनं धूड तापतं आणि रोज दुपारी बसतं. बर्फाचा कारखाना बंद पडतो आणि मासे सडतात. कोळी येऊन सोसायटीच्या दारात टोपल्या ओततात. सोळा ऑगस्टला गावच्या संताची, सान रोकेची जत्रा आहे. त्याच्या आत लाईट नीट झाली नाही तर लोक कोणाला तरी धरून बडवणार आहेत, हे नक्की.

आन्सेल्मो गप्प आहे. तसा तो नेहमीच गप्प असतो, पण हे गप्प वेगळं आहे. नऊ वर्षं त्याने नोंदवहीत तेलाची पातळी एकच लिहिली आहे. पातळी दाखवणारी काच काळी पडली होती, म्हणतो, आधीच्याने लिहिलेलं सगळेच उतरवून काढायचे. आधीचा म्हणजे तू.

एक गोष्ट लिहिते, पण पोटात ठेव. शुक्रवारी पाळी संपल्यावर तो तासभर उशिरा येतो. आज नाही, वर्षानुवर्षं. आणि शुक्रवारचा डबा मला घासू देत नाही, स्वतः घासतो. आजवर मी विचारलं नाही. एखादी बाई असेल तर तिच्या झिंज्या उपटीन आणि मग विचारीन.

नानाय बरी आहे, बोलायला तर फारच बरी. हातांना मात्र काहीतरी झालंय. मनगटापर्यंत काळे बारीक फोड, नखंही काळवंडली आहेत. उन्हाने, म्हणते. तेल कुठलं वापरते म्हणून विचारतोस? तुझी आई तिचं तेल कधी कोणाला दाखवते का? बाटलीला लाल फडकं गुंडाळलेलं असतं, ते सोडताना आपण पाठ करायची. डोंगरावरची माणसं अजून येतात. माझ्या बाळंतपणात माझी कंबरही तिनेच चोळून सरळ केली.

तुझी,
फेमी

*

दम्माम, ९ जून १९९४

इंदाय फेमी,

शुक्रवारचं तू लिहिलंस आणि माझी झोप उडाली. बाई-बिई काही नाही. दर शुक्रवारी डबा आणि डब्याला तुझा हात नको, यात न समजण्यासारखं काय आहे? डब्यात तेल जातंय. विकत असेल जत्रेतल्या तळणीवाल्यांना. ते तेल जळत नाही आणि धूरही कमी करतं, असल्या लोकांना तेवढंच हवं असतं.

आणि त्या जुन्या तेलाची एक गोष्ट मला इथे येऊन कळली. आमच्या कारखान्यात तसल्या टाक्या होत्या. त्यातलं तेल बंद पिंपात भरून, वर कवटीचं चित्र लावून बाहेर नेलं. हात लावणाऱ्याला कोपरापर्यंत मोजे. विष आहे ते, फेमी. एकदम मारत नाही, कातडीतून आत जातं आणि बसून राहतं. तेव्हा हे नुसतं चोरीचं प्रकरण नाही.

म्हणून मी एक केलंय. चार-पाच ओळी इंजिनिअर दुमालागला लिहिल्या. शुक्रवारचं आणि डब्याचं कळवलं, आन्सेल्मोचं नाव दिलं. तू रागावशील. पण मी त्याला कामाला लावलं, तेव्हा त्याला पकडून देण्याचं कामही माझंच. लपवलं असतं तर दोघेही मिळालेले होते असं लोक म्हणाले असते. तुला खात्री करायची असेल तर एखाद्या शुक्रवारी त्याच्या मागे जा.

नानायला सांग, यापुढे नुसतं खोबरेल वापर. दुसरं कुठलंही तेल हातात धरायचं नाही. कारण विचारत बसू नका, वय झालंय तिचं. सांगशील ना?

तुझा मानोंग,
सांतो

*

सान रोके, २ जुलै १९९४

सांतो,

तुझं पत्र माझ्या हातात पडायच्या आधी तुझं दुसरं पत्र सोसायटीच्या हॉलमध्ये वाचलं गेलं. तेवीस तारखेला, गुरुवारी. बोर्डाची माणसं, कोळी, बर्फवाले, सगळे होते. दुमालागने चष्मा लावला आणि मोठ्याने वाचलं. 'त्याच्या बायकोनेच मला कळवलं आहे,' हीसुद्धा ओळ तू घातली होतीस. मी आन्सेल्मोच्या शेजारी बसले होते. त्याने माझ्याकडे बघितलं नाही, हे माझ्यावर उपकारच झाले.

तुला मी पोटात ठेव म्हटलं होतं.

त्याला विचारलं, तेल नेलंस का? तो म्हणाला, नेलं. कुठे नेलंस? विकलंस का, तर मान हलवून नाही म्हणाला. मग कुणाला दिलंस, या प्रश्नाला त्याने अर्धा तास तोंड उघडलं नाही. किल्ली काढून घेतली, कामावरून घरी बसवलं. नाव सांगेपर्यंत कागद पुरा होत नाही आणि कागद पुरा होत नाही तोवर नवं यंत्र चालू होत नाही. त्यामुळे आता गावात लाईट गेली की लोक आमच्या दारासमोर येऊन उभे राहतात. एकाने सडका मासा पायरीवर ठेवला.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. त्याला ना पाळी, ना डबा, तरी नेहमीच्या वेळेला तो निघाला. तुझा सल्ला होता, मागे जा. गेले. नदीकाठाने बांबूच्या बनातून मी त्याच्यामागे चालले होते आणि मनात त्या बाईला शिव्या घालत होते. तो जाऊन थांबला तो आपल्या नानायच्या स्वयंपाकघराच्या दाराशी.

मी कुडाबाहेर उभी राहिले आणि सगळं ऐकलं. नानाय त्याला झापत होती. दोन महिने बाटली नाही, डोंगरावरून माणसं परत जातात, नुसत्या खोबरेलाने सांधा हलत नाही. तो हळूच म्हणाला की आता नळाला सील आहे, पुन्हा कधीच मिळणार नाही. तर ती म्हणाली,

"माझ्या सांतोने सहा वर्षं एक शुक्रवार चुकवला नाही. तू जावई तो जावईच."

मी आत गेले. नानायने बाटली फडक्याने झाकली आणि मला पाठ करायला सांगितलं. मी पाठ केली नाही. जिनची बाटली होती, बुडाशी बोटभर तेल. सबस्टेशनचा वास मला ओळखू येतो, नऊ वर्षं त्याचे कपडे धुतेय.

घरी येताना मी त्याला विचारलं, हॉलमध्ये का नाही बोललास? तो म्हणाला की सासूचं नाव घेऊन सुटण्यापेक्षा चोर म्हटलेलं परवडलं. पहिल्या वर्षी त्याने तिला नाही म्हटलं होतं, तेव्हा तिने महिनाभर त्याच्या हातचं पाणी घेतलं नाही. मग न्यायला लागला. तुझ्याबद्दल मी विचारलं तर एवढंच म्हणाला, ते तुझ्या भावाला विचार.

म्हणून विचारते. नानायला ती बाटली पहिल्यांदा कोणी दिली? तुझ्या पहिल्या पत्रातली ता. क. मी पुन्हा काढून वाचली आहे. तेव्हा तुला काय माहीत होतं?

तिच्या हातांचे फोड आता कोपराकडे सरकलेत.

फेमी

*

दम्माम, २१ जुलै १९९४

फेमी,

बेनिंग परवा सुटीवर निघतोय, त्याच्या हाती देतो. पोस्टाने तीन आठवडे जातील आणि तेवढे दिवस आता माझ्याकडे नाहीत.

मीच दिली. ऐंशी साली नानायचा गुडघा सुजला होता आणि ती जिना चढता-उतरता रडायची, आठवत असेल. आम्ही लाईनवाले सगळेच ते तेल सांध्यांना लावायचो. ज्याने विजेची आग थंड होते ते दुखणं ओढून काढणारच, असं जुने लोक सांगायचे आणि आम्ही मानायचो. मी जिनच्या बाटलीत भरून नेलं. तिचा गुडघा उतरला. मग तिने दुसऱ्याच्या गुडघ्याला लावलं, मग तिसऱ्याच्या. लोक तिला मानायला लागले आणि मला बरं वाटायचं. अंगं चोळणारी आई म्हणजे सोसायटीत चेष्टेचा विषय होता, तिची पत माझ्या बाटलीने वाढली.

शुक्रवार तिला पवित्र वाटतो. खरं म्हणजे मॅनेजर शुक्रवारी इलोइलोला जायचा, म्हणून मी शुक्रवारी काढायचो. हे मी तिला कधी सांगितलं नाही.

इथे आल्यावर वाटलं, बंद पडलं असेल. ते पिंपावरचं कवटीचं चित्र बघितलं त्याला तीन वर्षं झाली. तीन वर्षं, फेमी. दर पत्रात लिहायचं ठरवायचो आणि मग हवापाण्याचं लिहून पाकीट बंद करायचो. आईला विष दिलं हे कोणत्या शब्दांत लिहायचं? मग बेनिंगच्या बायकोचं पत्र आलं, तेल कमी आहे. तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं सांगू? देवा, हा कोणी तरी मोठा चोर निघू दे. पिंपंच्या पिंपं नेणारा निघू दे. आन्सेल्मो चोर ठरला असता तर माझी बाटली त्यात बुडून गेली असती. तू शुक्रवार लिहिलास तेव्हाच मला सगळं कळलं होतं. कळलं म्हणूनच मी दुमालागला लिहिलं.

तुझ्या तोंडाला येईल ते सगळं तू बोल, मी ऐकून घेईन.

सोबत दुसरा कागद आहे, बोर्डाच्या नावाने. त्यात ऐंशीपासूनचं सगळं लिहून सही केली आहे. आन्सेल्मोला दे. तो हॉलमध्ये वाचू दे. आणि नानायला डॉक्टरकडे ने, आजच. ज्यांची अंगं तिने चोळली त्यांनाही सांगावं लागेल. ती बाटली कोणाला उघडू देऊ नकोस.

सांतो

*

सान रोके, २० ऑगस्ट १९९४

मानोंग,

पुन्हा मानोंग लिहिलंय ते सवयीने, फार अर्थ काढू नकोस.

बेनिंगने पाकीट आणून दिलं. तुझा दुसरा कागद मी आन्सेल्मोच्या हातात ठेवला. चार ऑगस्टला पुन्हा बोर्ड बसलं, हॉल पहिल्यापेक्षा जास्त भरला होता, कारण जत्रेला बारा दिवस उरले होते. नानाय पुढच्या बाकावर येऊन बसली. ये म्हणून कोणी सांगितलं नव्हतं. हातांना टॉवेल गुंडाळला होता.

दुमालागने आन्सेल्मोला शेवटचं विचारलं, तेल कुणाकडे गेलं. मला वाटलं, आता कागद काढेल. त्याने खिशात हात घातला आणि तसाच ठेवला. मी कोपराने ढोसलं तर माझ्या कानात म्हणाला, "त्याला कधीतरी या गावात परत यायचंय."

ज्याने त्याला भर हॉलमध्ये चोर ठरवलं त्याच्यासाठी हा माणूस हे बोलत होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि रागही इतका आला की मी त्याचा हात बाहेर ओढला, कागद घेतला आणि उभी राहिले. वाचला. तुझा पहिला कागद दुमालागने जेवढ्या मोठ्याने वाचला होता त्याहून मोठ्याने. बाटली, गुडघा, मॅनेजरचा शुक्रवार, पिंपावरची कवटी, सगळं. मॅनेजर मागे बसला होता, तो शुक्रवार ऐकून खाली बघायला लागला.

वाचून झाल्यावर मला भीती वाटली ती नानायची. ती उठली, टॉवेल सोडला आणि दोन्ही हात दुमालागच्या टेबलावर ठेवले. फोड, काळी नखं, सगळं उघडं. म्हणाली, हा घ्या तुमचा कागद. मग झोळीतून लाल फडक्याची ती बाटली काढून हातांच्या शेजारी उभी केली. जे लोक डोंगरावरून तिच्याकडे यायचे त्यातले आठ-दहा मागे होते. एक म्हातारा आपला दंड चाचपून बघायला लागला.

कागद त्याच दिवशी पुरा झाला. इलोइलोहून मोजे घातलेली माणसं आली आणि जुन्या टाकीतलं उरलेलं तेल सीलबंद पिंपांत भरून घेऊन गेली. पिंपांवर कवटी होती, तू लिहिलंस तशीच. तेरा तारखेला दुपारी बरोबर एक वाजता, जेव्हा रोज लाईट जायची तेव्हा, नव्या ट्रान्सफॉर्मरवर गाव टाकलं. सगळे पंख्याकडे बघत बसले होते, पंखा फिरतच राहिला. बर्फाचा कारखाना रात्रंदिवस चालू आहे. जत्रेत देवळावर इतके दिवे लावले की सान रोकेच्या मूर्तीच्या पायाशी बसलेल्या कुत्र्याचासुद्धा प्रत्येक केस दिसत होता. आमच्या पायरीवर या वेळी कोणीतरी जिवंत मासे ठेवून गेलं. कोण ते कळलं नाही.

आन्सेल्मोला परत घेतलं, पण ऑपरेटर म्हणून नाही. सहा महिने लाईनवर, खांब चढायला. कुंपणाची किल्ली त्याला पुन्हा मिळणार नाही. चूक त्याचीही आहे, तो मानतो. तुझ्याबद्दल तो अवाक्षर बोलत नाही. मी मात्र तुला अजून माफ केलेलं नाही. कधी करीन ते सांगत बसत नाही. तीन वर्षं ठाऊक असून तू खोबरेलाच्या गप्पा मारत होतास, हे माझ्या मनातून जात नाही.

डॉक्टर म्हणाले, तेल बंद झालं, आता फोड हळूहळू जातील, पण आत किती गेलंय ते सांगता येत नाही. आरोग्य केंद्रात वही ठेवली आहे. नानायने चोळलेली माणसं एकेक येऊन नाव लिहून जातात. पहिलं नाव माझं.

आता तिचा निरोप. तुझं मोठं पत्र तिने माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. पहिल्यांदा ऐकून ती कोंबड्यांना दाणे टाकायला गेली. दुसऱ्यांदा म्हणाली, गुडघा मात्र खरंच उतरला होता, एवढं त्याला लिही. तिसऱ्यांदा वाचत होते तर मध्येच थांबवलं आणि विचारलं, बाटली कोण भरायचं? मी म्हटलं, सांतोच भरायचा, नळाखाली धरून. उघड्या हातांनी? हो, म्हटलं, तेव्हा कुणाला काय माहीत होतं. मग ती उठून दाराशी जाऊन बसली. संध्याकाळी जेवायला बोलावलं तर आली नाही.

सकाळी मला म्हणाली, त्याला लिही, फोटो पाठव. मी म्हटलं, गेल्या नाताळातला आहे की, भिंतीवर लावलाय. म्हणाली, तो तोंडाचा आहे. तोंडाचा नको, हातांचा पाठव.

फेमी